मनाचे आजार, मुलांची वाढ आणि आपले कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात सडक अर्जुनी येथे केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षण, हुंडाबंदी, सामुदायिक विवाह इत्यादी विषयांवर विचार मांडले जातात. यंदा मंडळाने मला बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी मुद्दाम असा विषय मागून घेतला की, ज्याविषयी आपण घरात दार लावून बोलतो आणि चारचौघांत मुळीच बोलत नाही. तो विषय म्हणजे मनाचे व मेंदूचे आजार आणि त्यांवर झालेले संशोधन. मी वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक आहे. वाचून आणि जाणत्यांना विचारून जे समजले, तेवढेच आपणांपुढे ठेवीत आहे.

आरंभ माझ्याच अपराधापासून करतो. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. ऐकलेली गोष्ट तो जशीच्या तशी सांगे. धानाच्या पोत्यांचा हिशेब तोंडी विचारला, तर इतरांनी पाटी हाती घेण्यापूर्वी त्याचे उत्तर तयार असे. परंतु फळ्यावरचे साधे वाक्य त्याला वाचता येत नसे. ‘कमळ’ हा शब्द तो ‘मकळ’ असा वाची. लिहिताना काना-मात्रा गाळी. ज्या अर्थी तो हुशार आहे त्या अर्थी तो जाणूनबुजून आळस करतो, असा निष्कर्ष मी काढला. मी त्याला अंगठे धरून उभे केले, छडीचा प्रसाद दिला, आणि वर्गासमोर ‘मठ्ठ’ म्हटले. चौथीनंतर त्याने शाळा सोडली. त्याचे वडील मला म्हणाले, “गुरुजी, त्याच्या नशिबातच विद्या नाही.” मीही मान डोलावली.

निवृत्तीनंतर या विषयावरील एक लेख माझ्या वाचनात आला आणि माझी मान खाली गेली. 1896 साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरने तेथील वैद्यकीय नियतकालिकात चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली होती. त्या मुलाची दृष्टी उत्तम, बुद्धी उत्तम. परंतु त्याला वाचता येत नव्हते. सर्व शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकानेच सांगितले होते. बंधूंनो, माझ्याच विद्यार्थ्याचे हे वर्णन माझ्या जन्मापूर्वी साठ वर्षे छापले गेले होते! आज या स्थितीला अध्ययन अक्षमता म्हणतात. अक्षर आणि ध्वनी यांचा मेळ घालण्याचे मेंदूचे काम अशा मुलात वेगळ्या रीतीने चालते. त्यावर गोळी नाही. परंतु एकेक ध्वनी, एकेक अक्षर सावकाश, पुनःपुन्हा, डोळे-कान-हात यांचा एकत्र उपयोग करून शिकविल्यास मूल वाचू लागते. महाराष्ट्रात 1996 पासून अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत जादा वेळ आदी सवलती मिळतात. त्यासाठी तपासणी करून रीतसर प्रमाणपत्र घ्यावे लागते.

हा एखाद्‌दुसऱ्या मुलाचा प्रश्न नाही. आपल्या देशातील पाच ठिकाणी, त्यांत आपल्या शेजारचे उत्तर गोवेही होते, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची घरोघर जाऊन तपासणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले. सुमारे आठ मुलांत एक मूल मेंदूच्या वाढीशी निगडित अशा कोणत्या ना कोणत्या अडचणीने ग्रस्त आढळले. त्यांत फेफरे, ऐकण्या-बोलण्यातील दोष, हातापायांतील दुबळेपणा, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता यांचा समावेश होता. आणि सहा वर्षांवरील मुलांत अतिचंचलता व अध्ययन अक्षमता यांचाही. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात अशी पाच मुले असू शकतात. मी आयुष्यभर शिकवीत आलो, पण ती मला दिसली नाहीत.

याच पाहणीत कारणांचाही शोध घेतला गेला. घरी झालेले बाळंतपण, जन्मताच श्वास कोंडणे, दिवस भरण्यापूर्वीचा किंवा कमी वजनाचा जन्म, मेंदूत गेलेला ताप, आणि बालपणी खुंटलेली वाढ यांचा या अडचणींशी संबंध आढळला. सर्वच अडचणी टाळता येतात असे नाही, आणि ज्या आईचे मूल असे जन्मले तिला कोणी बोल लावू नये. तथापि गर्भवतीचा आहार, रुग्णालयातील प्रसूती आणि वेळच्या वेळी लसी या गोष्टी आपल्या हातांतील आहेत. तसेच, मूल दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही, असे दिसल्यास “त्याचा बापही उशिराच बोलला होता” असे म्हणून स्वस्थ बसू नये. मेंदू कोवळा असतो तोवर दिलेले शिक्षण अधिक लागू पडते. फेफरे आलेल्या मुलाच्या नाकाला जोडा किंवा कांदा लावण्याची चाल आता सोडली पाहिजे. त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही कोंबू नये, आणि पुढे डॉक्टरांनी दिलेले औषध नियमाने चालू ठेवावे.

आता मोठ्या माणसांच्या आजारांकडे वळतो. एखादा तरुण एकटाच बोलू लागतो, कानात आवाज येतात म्हणतो, घरच्यांवर संशय घेतो. एखादी सून दिवसचे दिवस चूल पेटवीत नाही, रडत बसते. आपण म्हणतो, बाहेरची बाधा झाली. मांत्रिकाचा अंगारा होतो, कोंबडे होते, वर्ष-दोन वर्षे जातात. वस्तुतः हे आजार औषधाने आटोक्यात येतात हे सिद्ध होऊन सत्तर वर्षे झाली, आणि त्या शोधात आपल्या देशातील एका वनस्पतीचा वाटा आहे. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे पूर्वापार वापरात होते. 1931 साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्मादावर व रक्तदाबावर तिचा गुण येतो असे लिहिले. 1949 साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरील आपला अनुभव ब्रिटनमध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये या मुळातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि 1954 साली अमेरिकेतील डॉ. नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याचा अनुभव जाहीर केला. त्याच सुमारास, 1952 साली, पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा गुण दिसून आला. पुढे दुष्परिणामांमुळे मनोविकारांसाठी रिसर्पिन मागे पडले व अधिक चांगली औषधे आली. म्हणून कोणी सर्पगंधेचे मूळ उकरून रुग्णाला देऊ नये. माझे सांगणे एवढेच की, जो आजार औषधाने उतरतो तो भुताने केलेला नसतो.

कोणी म्हणतील, हे सारे मोठ्या शहरांसाठी आहे. तसे नाही. आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील 30 खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम चालविण्यात आला. आरंभी नैराश्याने पीडित अशा शंभर माणसांतील जेमतेम चारजण कोणाकडून तरी उपचार घेत होते. गावातीलच कार्यकर्त्यांना शिक्षण देऊन घरोघर पाठविल्यावर हे प्रमाण शंभरात सत्तावीसवर गेले. हे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी गोव्यातील एका प्रयोगाचा वृत्तान्तही आला. डॉक्टर नसलेल्या, परंतु नीट तयार केलेल्या सल्लागारांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका केल्या. तीन महिन्यांनंतर त्यांच्यापैकी शंभरात चौसष्टजणांचे नैराश्य ओसरलेले आढळले. ज्यांना अशा बैठका मिळाल्या नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण एकोणचाळीस होते. आपुलकीने आणि शास्त्रशुद्ध रीतीने बोलणे हाही उपचारच होय.

आता थोडे कटु बोलतो, क्षमा असावी. आपल्या मंडळाकडे वधू-वरांची सूची असते आणि त्या सूचीच्या भयानेच आपण आजार झाकतो. माझ्या माहितीतील एका मुलीच्या गोळ्या, ‘पाहुण्यांना कळेल’ म्हणून, लग्नाआधी घरच्यांनी परस्पर बंद केल्या. मांडव उतरल्यावर महिन्याभरात आजार उलटला. मुलगी माहेरी परत आली, दोन कुटुंबे वैरी झाली, आणि दोष मात्र मुलीला लागला. आजार सांगितला असता तर कदाचित एक स्थळ गेले असते. झाकल्यामुळे मुलीचे आरोग्यही गेले आणि संसारही गेला. आनुवंशिकतेचीही भीती आपण अवास्तव बाळगतो. छिन्नमनस्कतेसारखा आजार सर्वसाधारणपणे शंभरात सुमारे एकाला होतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असल्यास अपत्याला होण्याचा संभव शंभरात सुमारे दहा असतो. म्हणजे नव्वदांना तो होत नाही. एका रुग्णापायी संपूर्ण घराण्याला बट्टा लावणे हे शास्त्रालाही धरून नाही आणि माणुसकीलाही.

6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एर्वाडी येथे आग लागली, तेव्हा साखळीने जखडलेले 28 मनोरुग्ण पळू न शकल्याने जळून मेले. त्यानंतर 2017 साली झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास कोणत्याही प्रकारे मनाई केली आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. 2016 च्या दिव्यांगांच्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. त्यांत स्वमग्नता व अध्ययन अक्षमताही आल्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत व शाळेत येतात; त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. गोंदियास 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरचे मनोरुग्णालय तर एकोणिसाव्या शतकापासून आहे, आणि नागपूरची गाडी आपल्या गावाच्या महामार्गावरूनच जाते. ज्याला कोठेच जाणे शक्य नाही, त्याच्यासाठी ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलीमानस’ची 14416 या क्रमांकावर विनामूल्य सोय आहे, तेथे मराठीतही बोलता येते.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, दरवर्षीच्या मेळाव्यात रक्तदाब व साखर तपासली जाते, तिच्याबरोबरच मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला मिळण्याची व मुलांच्या वाढीच्या तपासणीची सोय व्हावी. दुसरी, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराबरोबर, अडचणीवर मात करून शिकणाऱ्या मुलाचा व त्याच्या आईवडिलांचाही सत्कार व्हावा. तिसरी, प्रत्येक गावातील एका स्त्रीने व एका पुरुषाने अशा घरांची विचारपूस करण्याचे, त्यांना दवाखान्यापर्यंत सोबत करण्याचे आणि ऐकलेले गुप्त राखण्याचे काम अंगावर घ्यावे. आमच्या गावापुरते ते काम मी आजच स्वीकारतो.

ज्या मुलाला मी मठ्ठ म्हटले, तो आज पन्नाशीचा आहे आणि शेती उत्तम करतो. गेल्या वर्षी त्याच्या घरी जाऊन मी त्याची क्षमा मागितली. तो हसून म्हणाला, “गुरुजी, माझे राहू द्या. माझ्या नातवालाही अक्षरे उलटी दिसतात. त्याचे काय करायचे ते सांगा.” त्या नातवाला तपासणीस नेले आहे. आपल्याही घरी असे कोणी असेल तर त्याला झाकून ठेवू नका, एवढीच हात जोडून विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!