वावर, प्लॉट आणि पाण्याची पाईपलाईन
(खान्देशातील तरुणांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा, जिथून जिथून आलात त्या सगळ्या भावा-बहिणींनो, संयोजकांनी मला विषय दिला आहे 'शहरीकरण'. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा माणूस, समाजशास्त्र शिकवायला आलेलो नाही. पण आपल्या घरांतला पैसा गेल्या वीस वर्षांत कुठे गेला असं विचारलं, तर निम्म्या हॉलचं उत्तर एकच येईल: प्लॉटमध्ये. म्हणून मी प्लॉटबद्दलच बोलणार आहे.

आधी दोन आकडे. २००१ च्या जनगणनेत धुळे शहराची लोकसंख्या होती ३ लाख ४१ हजारांच्या आसपास. २०११ मध्ये झाली ३ लाख ७५ हजार. दहा वर्षांत दहा टक्के. त्याच काळात अख्खा महाराष्ट्र सोळा टक्क्यांनी वाढला. म्हणजे कागदावर धुळे राज्यापेक्षा हळू वाढलं. पण देवपूरच्या पुढे, साक्री रोडला, अवधानकडे नजर टाका. सगळीकडे दगड रोवलेले, चुन्याच्या रेघा, कमान, कमानीवर कुठल्या तरी नगराचं नाव. मग माणसं हळू वाढली आणि शहर इतकं कसं पसरलं?

आमच्या कामात असं झालं की आम्ही पहिलं विचारतो, डेटा कुठपर्यंत मोजला? इथेही तेच आहे. वलवाडी, महिंदळे, अवधान ही गावं २०११ ला महापालिकेच्या हद्दीत नव्हतीच. तिथे राहायला गेलेला धुळेकर मोजला गेला ग्रामपंचायतीत. २०१८ मध्ये अकरा गावं हद्दीत घेतली तेव्हा कागदावरचं शहर जमिनीवरच्या शहरापर्यंत पोचलं. तोपर्यंत ले-आउट पडले होते, रस्ते ठरले होते, गटारी नव्हत्या. आपल्याकडे शहर आधी येतं आणि नगरपालिका मागून येते. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आजही आपण २०११ च्या आकड्यांवर पाण्याचे हिशोब करतोय.

जळगावचं थोडं वेगळं. ३ लाख ६८ हजारांवरून ४ लाख ६० हजार, म्हणजे पंचवीस टक्के. तिथे माणसंही वाढली आणि पसाराही. ज्या मेहरूणची बोरं प्रसिद्ध, तिथे आता बोरीची झाडं शोधावी लागतात.

असं नेहमीच होतं का? नाही. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने धुळे हे खान्देशचं मुख्य ठाणं केलं, तेव्हा धुळे म्हणजे पाटाचं पाणी आणि पांझरा नदी यांच्या मध्ये बसलेलं, बागायतीने वेढलेलं छोटं गाव होतं. त्याने पेठ आखली, घर बांधायला जागा फुकट दिल्या, बांधकामासाठी उचलही दिली. हेतू स्वतःच्या राज्याचा होता, त्यात मला शंका नाही. पण क्रम बघा. आधी गल्ली आखली, मग माणूस आला. आजही गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असा पत्ता सांगता येतो तो त्यामुळे. जळगाव वाढलं ते रेल्वे आणि कापसाने. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाला सोन्याचा भाव आला आणि जळगावची बाजारपेठ उभी राहिली. पुढे खान्देश मिल आली. ती दोन्ही शहरं कामामुळे वाढली होती.

आजचा पसारा कामामुळे नाही. कारखाने वाढले असते तर आपली मुलं पुणे, सुरत आणि आखातात गेली नसती. मुलं बाहेर जातात, पैसा परत येतो, आणि त्या पैशाला इथे दुसरी जागा सापडत नाही म्हणून तो जमिनीत जातो. कोरडवाहू कापसात शेतकऱ्याचं भागत नाही, त्याला वावर विकायचं असतं. तीन राष्ट्रीय महामार्ग धुळ्याला भेटतात, त्यामुळे दलालाला सांगायला गोष्ट तयार असते.

आपल्या घरांत यात आणखी दोन कारणं मिसळतात, ती मोकळेपणाने बोलू या. एक, व्याज. ज्यांना व्याज घ्यायचं नाही, त्यांची बचत एफ.डी.मध्ये जात नाही. मग उरतं सोनं आणि प्लॉट. अब्बांची निवृत्तीची रक्कम, भाईजानची सौदीची कमाई, सगळी एका पंधराशे फुटांच्या तुकड्यात. हेतू नेक आहे, पण दलालाला तो चांगला माहीत आहे.

दुसरं, भीती. मे १९७० मध्ये जळगावात जे घडलं त्याची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली, ते आपल्या आजोबांना आठवतं. जानेवारी २०१३ मध्ये धुळ्यात पोलीस गोळीबारात सहा जण गेले, ते तुम्हाला आठवतं. अशा प्रत्येक घटनेनंतर माणूस आपल्या लोकांच्या जवळ घर शोधतो. ज्याला मिश्र वस्तीत भाड्याने घर मिळत नाही, त्याला तर शोधावंच लागतं. म्हणून वडजाई रोडला, तांबापुऱ्यात एकेका गल्लीत श्वास घ्यायला जागा नाही, आणि तिथून निघालेला माणूस थेट शहराच्या कडेच्या रिकाम्या वावरात जातो. मधलं शहर त्याच्यासाठी नसतंच. मागणी ठरावीक दिशेला कोंडली की त्या दिशेचा भाव चढतो. तेवढ्याच पैशात दुसऱ्याला रस्त्यालगतचा प्लॉट मिळतो, आपल्याला नाल्यालगतचा.

आता परिणाम. मी इंजिनिअर आहे, पाईप मोजून सांगतो. समजा शंभर मीटर रस्ता आहे, दोन्ही बाजूंना तीस-तीस फुटांच्या दर्शनी बाजूचे प्लॉट. साधारण बावीस घरं बसतात. पाण्याची शंभर मीटर पाईप बावीस कुटुंबांना पाणी देते. कडेच्या ले-आउटमध्ये पाच प्लॉटमागे एकच बांधलेला असतो, बाकीचे 'गुंतवणूक'. तीच पाईप चार कुटुंबांना. दिव्याचे खांब, गटार, घंटागाडी, सगळ्याचा हिशोब असाच. महापालिका ती पाईप टाकत नाही, हे चूक आहेच. पण तिच्याकडे पैसा कमी का पडतो, तेही या हिशोबात दिसतं. धुळ्यात तापीचं पाणी इतक्या लांबून आणूनही नळाला आठ-आठ दिवस वाट बघितलेली घरं इथे बसली आहेत. शहर जितकं पातळ पसरेल तितकी ती वाट लांबेल.

पाईप नाही म्हणून बोअर. गटार नाही म्हणून शोषखड्डा. एकाच पंधराशे फुटांत दोन्ही, आणि शेजाऱ्याचंही तसंच. काळ्या मातीत पाणी झटकन मुरत नाही, पावसाळ्यात शोषखड्डा तुंबतो, मोकळ्या प्लॉटमध्ये डबकी होतात. डास कुठून येतात, ते डॉक्टरला विचारायची गरज नाही. आणि हीच काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते. पाया नीट नसला तर दुसऱ्याच वर्षी भिंतीला भेग पडते. कापसाला जी जमीन उत्तम, ती घराला महाग पडते. कंत्राटदार हे सांगत नाही.

रस्त्याचं सांगायलाच नको. जळगावात सुरत-नागपूर महामार्ग वस्तीच्या मधोमध गेला. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला शाळा. समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांना किती वर्षं आंदोलनं करावी लागली, ते तुमच्यातल्या जळगावकरांनी बाकीच्यांना जेवताना सांगावं.

आता कामाचं. सातबारा बघितला की झालं, असं समजू नका. बिनशेतीचा आदेश मागा. मंजूर अंतिम रेखांकन मागा, दलालाने छापलेला रंगीत नकाशा नव्हे. विकास आराखड्यात तो गट नंबर येलो झोनमध्ये आहे की ग्रीन, त्यावरून आरक्षण किंवा रस्ता जातो का, हे नगररचना विभागाकडून लेखी घ्या. झोन दाखला मिळतो, अर्ज करावा लागतो. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी म्हणजे मालकी नव्हे. 'गुंठेवारीत नियमित होऊन जाईल' असं कोणी म्हणालं तर तारीख विचारा. २००१ चा गुंठेवारी कायदा २०२१ मध्ये दुरुस्त झाला, तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीसाठी. त्यानंतर पाडलेल्या तुकड्याला तो लागत नाही. शिवाय नियमित करायची फी आणि विकास शुल्क तुम्हीच भरायचं, दलाल नव्हे.

शेवटचा मुद्दा आपल्या मेळाव्यांत कधी येत नाही. नव्या वसाहतीत आपण आधी मशिदीची जागा बघतो. कब्रस्तान? ते जुन्या शहरातच. मय्यत घेऊन पाच-सहा किलोमीटर महामार्ग ओलांडत जावं लागतं, मग तक्रार सुरू होते. शाळा, दवाखाना, मैदान, कब्रस्तान यांची जागा विकास आराखड्यात आरक्षण म्हणून धरावी लागते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, ठरावीक मुदतीत हरकती आणि सूचना मागवतात, नंतर सुनावणी होते. जमीनमालक वकील घेऊन तिथे हजर असतात. आपली वस्ती नसते. आरक्षण पडलं तरी ते कायमचं नाही. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देतो आणि पुढच्या दोन वर्षांतही संपादनाची पावलं पडली नाहीत तर मैदान जातं, तिथे पुन्हा प्लॉट पडतात.

म्हणून प्रत्येक वसाहतीतून दोघांनी हे काम घ्यावं, एक मुलगा, एक मुलगी. आपल्या भागातले गट नंबर लिहून न्या, आराखड्याच्या नकाशावर आरक्षणं शोधा, मग मोबाईल घेऊन त्या जागेवर जा आणि आज तिथे काय आहे त्याचा तारखेसह फोटो काढा. नकाशा वाचायला अडलं तर मला पाठवा, रविवारी मी मोकळा असतो.