हृदयाचे दुखणे आणि मनाने खाल्लेली हाय



आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर पुष्कळ झाले. मग हृदयरोगावर बोलण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला, असे कोणी विचारील. त्यास उत्तर इतकेच की, वाळूज आणि चिकलठाण्याच्या कामगारांचे दवाखान्याचे कागद वर्षानुवर्षे आमच्या हातून जात आले आहेत. कागद हाताळता हाताळता त्यांच्यामागची माणसे दिसू लागतात, आणि शंका आली की पुस्तक उघडण्याची आम्हांस जुनी खोड आहे.

त्या माणसांत एक चित्र वारंवार दिसते. कामगाराच्या पत्नीस हृदयविकाराचा झटका येतो. रक्तवाहिनी मोकळी करून स्टेंट बसवितात. बाई घरी येते. सारे म्हणतात, संकट टळले. पण पंधरा दिवसांनी पाहावे तो तिला झोप नाही, भूक नाही. जिना चढावयाची धास्ती वाटते. छातीत जरा धडधडले की आता संपले असे वाटते. गोळ्या घ्यावयाच्या राहतात. शेजारपाजारच्या बायका म्हणतात, “तिने हाय खाल्ली.”

मंडळी, आपल्या भाषेने हा रोग केव्हाच ओळखला आहे. चूक एवढीच होते की, आपण त्यास रोग न म्हणता स्वभाव म्हणतो.

वैद्यकशास्त्र काय म्हणते पाहा. झटक्यानंतर सुमारे पाचांतील एका रोग्यास औषधोपचार लागावा इतकी उदासीनता येते, आणि स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांहून बरेच अधिक आहे. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे झटक्यातून वाचलेल्या २२२ रोग्यांची पाहणी झाली. तीत उदास असलेले रोगी पहिल्या सहा महिन्यांत इतरांपेक्षा कितीतरी अधिक दगावले, असे १९९३ साली प्रसिद्ध झाले. सलीम युसुफ या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी ५२ देशांत मोठा अभ्यास केला. २००४ साली त्याचा निष्कर्ष आला, तेव्हा तंबाखू, रक्तदाब व मधुमेह यांच्या पंक्तीस मनाचा ताणही बसलेला दिसला.

मनाचा हृदयाशी संबंध कसा पोहोचतो? सततच्या काळजीने नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो, रक्तात गुठळी धरण्याची प्रवृत्ती वाढते. हे झाले शरीराचे. त्याहून साधे कारण असे की, ज्याला उद्याची आशा नाही तो आजची गोळी कशासाठी घेईल? फिरावयास कशासाठी जाईल?

स्त्रीच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. झटक्यात तिच्याही छातीत दुखते. पण पुष्कळदा त्याबरोबर, किंवा त्याऐवजी, धाप, थकवा, मळमळ, पाठीत वा जबड्यात कळ अशी लक्षणे असतात. काळजीच्या झटक्यातही धाप लागते, धडधडते. म्हणून खऱ्या दुखण्यास “घाबरट आहे” म्हणून घरी बसविले जाते, आणि खऱ्या घाबरण्यास “तपासणीत काही नाही” म्हणून परत पाठविले जाते. दोन्हीकडून बाईच मरते. आधी हृदय तपासून घ्यावे हा नियम पक्का. पण पट्टी निर्दोष निघाली म्हणून बाईचे दुखणे खोटे ठरत नाही.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना आली. विमेदार कामगार आजारी पडला तर त्यास रोख भत्ता मिळतो, आणि ठरावीक दीर्घ दुखण्यांत त्याची मुदत वाढते. त्याच्या पत्नीस औषधोपचार मिळतो, हे चांगलेच आहे. पण चूल, पाणी, धुणी, सासूबाईंचे पथ्य या कामांची रजा तिला कोण मंजूर करणार? ती आठव्या दिवशी पोळपाटापाशी बसते. आणि पूर्वीसारखे काम उरकत नाही, आपण घराला भार झालो, या विचाराने खचते. कामगाराच्या रजेसाठी आपण फाटकावर घोषणा दिल्या. त्याच कामगाराने घरात पत्नीची रजा मंजूर करावी, हे सांगावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

उपाय आहेत. उदासीनतेवरील काही जुनी औषधे हृदयास बाधक होती. परंतु सर्ट्रालिन हे औषध झटक्यानंतरच्या रोग्यांसही सुरक्षित असल्याचे २००२ साली दिसून आले. बोलून, विचारांना वळण देऊन करावयाचा उपचारही गुणकारी आहे. येथे खरे तेच सांगितले पाहिजे: अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगात अशा उपचाराने उदासीनता कमी झाली, पण आयुष्य वाढल्याचे दिसले नाही, हा निष्कर्ष २००३ सालचा. मग उपचार कशास, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, वाचलेल्या जिवाचे दिवस रडत काढावयाचे की नातवंडांत हसत, यात काहीच फरक नाही काय?

आपल्या घाटी रुग्णालयात मनोविकारांचा विभाग आहे. १४४१६ हा सरकारी दूरध्वनी २०२२ पासून विनामूल्य चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते. मानसिक आजारास शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याचे संरक्षण मिळावे, असे २०१७ च्या कायद्यात लिहिले आहे. विमा कंपनी ‘नाही’ म्हणाली तर हे कलम दाखवावे.

एवढे सगळे करण्याआधी घरात दोन प्रश्न विचारा. गेल्या पंधरा दिवसांत कशातच मन लागत नाही असे वारंवार झाले का? उदास, निराश वाटत राहिले का? उत्तर ‘होय’ आले तर हृदयाच्या डॉक्टरांस ते स्पष्ट सांगा, कारण बाई स्वतः सांगणार नाही. आणि “जगून काय करायचे” असे शब्द तिच्या तोंडून निघाले, तर तिला एकटी सोडू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

येथे जमलेल्या पुरुष मंडळींपैकी ज्यांच्या घरी असे दुखणे आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर हे दोन प्रश्न विचारावेत; आणि उत्तर पुरे ऐकून होईपर्यंत मध्ये बोलू नये, एवढीच आमची विनंती आहे.