मागच्या आसनावरचें माणूस



आमच्या वसईंतील होळीच्या बाजारांत सकाळीं घटकाभर उभें राहिलें, म्हणजे एक दृश्य हटकून दिसतें. पुढें स्कूटर किंवा मोटारसायकल चालविणारा गृहस्थ, मागें त्याची पत्नी, आई किंवा कॉलेजांत जाणारी मुलगी, आणि पुष्कळदां दोघांच्या मधोमध एखादें पोर. वसई रोड स्थानक जुन्या गांवापासून दूर. लोकल तर कोणासाठीं थांबत नाहीं. हें अंतर तोडून देणाऱ्या लहान यंत्राविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

या यंत्राचा इतिहास आपल्या महाराष्ट्राशीं निगडित आहे. पुण्याच्या बजाज कंपनीनें १९६० च्या सुमारास इटलींतील पियाज्जो कंपनीच्या परवान्यानें व्हेस्पा स्कूटर बनविण्यास आरंभ केला. पुढें तो परवाना संपला आणि १९७२ सालीं राणा प्रतापांच्या अश्वाचें नांव धारण करून 'चेतक' अवतरली. तिच्यासाठीं नांव नोंदवून लोक वर्षानुवर्षें वाट पाहात. त्याच वर्षीं कायनेटिक कंपनीची ५० सीसीची लूना आली. तिला सायकलीसारखीं पायडलें होतीं. पेट्रोल संपलें तरी माणूस घरीं पोंचे.

या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांत पेट्रोलांत तेल मिसळावें लागे, आणि थोडें इंधन न जळतांच धुराबरोबर बाहेर जाई. १९८५ सालीं हिरो होंडाची फोर-स्ट्रोक मोटारसायकल आली, आणि थोड्या पेट्रोलांत पुष्कळ मजल मारणें कारकुनाच्या पगारांत बसूं लागलें. जपानांत १९५८ सालीं निघालेली होंडाची 'सुपर कब' २०१७ पर्यंत दहा कोटींहून अधिक तयार झाली. व्हिएतनाम, इंडोनेशिया येथेंही हीच कथा आहे. आशियांतील सामान्य कुटुंबाला स्वतःचें पहिलें वाहन याच लहान इंजिनानें दिलें.

परंतु हें वाहन कुटुंबाचें झालें, तरी काळजी मात्र आपण पुढच्या माणसाचीच करतों. पोलिसाच्या भयानें कां होईना, चालविणारा हेल्मेट घालतो; मागें बसलेलीचें मस्तक उघडेंच! १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १२९ वें कलम हा भेद मानीत नाहीं. चालविणारा आणि मागें बसणारा, दोघांनाही शिरस्त्राण आवश्यक आहे. चार वर्षांवरील मुलालाही तें लागू आहे.

केंद्र सरकारचे २०२२ सालचे आंकडे ऐका. त्या एका वर्षांत देशांत हेल्मेट न घालतां मृत्यु पावलेल्यांपैकीं १४,३३७ जण मागें बसलेले होते. त्यांच्या हातांत ना हँडल होतें, ना ब्रेक.

"जवळच तर जावयाचें आहे," असें आपण म्हणतों. मी शिक्षक; म्हणून एक साधें गणित मांडतों. ताशीं ४० किलोमीटर वेगानें मस्तक एखाद्या खांबावर आदळलें, तर तो आघात सुमारें २० फुटांवरून खालीं पडण्याइतका असतो. घर जवळ आहे म्हणून ही उंची कमी होत नाहीं. केस विसकटतात, उकडतें, उतरल्यावर तें ओझें वागवावें लागतें, या अडचणी खऱ्या आहेत; परंतु २० फुटांपुढें त्यांचें वजन किती, तें घरच्या वडीलधाऱ्यांनींच ठरवावें.

सबब माझी विनंति एवढीच. नवें वाहन घरीं आणतां तेव्हां आपण त्याला हार घालतों, नारळ फोडतों. त्याच दिवशीं दुसरें हेल्मेटही आणावें. आणि तें कपाटावर न ठेवतां, वाहनाच्या किल्लीशेजारींच टांगावें.