भुकेल्या पेशीचा कारभार



शिरूरच्या माळावरची रब्बी ज्वारी असो की दौंडकडचा भीमाकाठचा ऊस असो, पीक पिवळे दिसले की आपला हात आधी युरियाच्या पोत्याकडे जातो. पण जाणता शेतकरी विचारतो, “पिवळी झालीत ती पानं खालची, की वरची?” हा प्रश्न का विचारायचा, ते आज एका इवल्याशा जिवाकडून समजून घेऊ.

तो जीव म्हणजे यीस्ट. पुस्तकात त्याला किण्व म्हणतात. गुऱ्हाळावर उसाचा रस कढईत न घालता तसाच ठेवला, तर त्याला फेस येतो, आंबूस वास सुटतो. या उद्योगात यीस्टचा मोठा वाटा. मळीपासून मद्यार्क होतो तोही याच्याच जोरावर. याची एक पेशी म्हणजे एक अख्खा जीव, आणि तिचा आकार मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढा.

यीस्टला साखर लागते तसा नत्रही लागतो, कारण नत्रावाचून प्रथिने बनत नाहीत. मळीत साखर भरपूर, पण त्या मानाने कामाला येईल असा नत्र थोडा. म्हणून मद्यार्क करणारे तीत युरिया किंवा डीएपी घालतात. आपण उसाला घालतो तेच खत, बरं का!

हा नत्र अगदीच तुटला तर? दुष्काळात वैरण सरली की छपराचे गवत ओढून बैलापुढे टाकावे, तसेच पेशी करते. आपल्याच अंगातला जुना, कमी गरजेचा माल ती पचवते आणि त्यातून निकडीची प्रथिने नव्याने उभी करते. याला स्वभक्षण म्हणतात.

हे यीस्टमध्ये डोळ्यांनी पाहिले जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी, १९८८ साली टोकियो विद्यापीठात. यीस्टच्या पेशीत रिक्तिका नावाची एक मोठी पिशवी असते. जुन्या मालाचे पचन तिथे होते, पण इतके झटपट, की पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. ओसुमींनी अशी यीस्ट घेतली की जिच्या रिक्तिकेतली पाचक प्रथिने निकामी होती, आणि तिला उपाशी ठेवले. जाते बंद, पण दळण येतच राहिले! काही तासांत रिक्तिका बारीक गोळ्यांनी भरून गेली, आणि ते साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसले. पुढे २०१६ साली त्यांना याच कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

पण खरी गंमत पुढेच आहे. छप्पर सुगीतच मोडले तर घर उघडे पडेल, आणि फार उशिरा मोडले तर बैल हातचा जाईल. मोडायची वेळ ठरवतो कोण? तेही प्रथिनेच ठरवतात. टॉर नावाचे एक प्रथिन नत्र पुरेसा आहे की नाही याची खबर ठेवते. नत्र असेतो ते दुसऱ्या एका प्रथिनावर, त्याचे नाव एटीजी तेरा, फॉस्फेटचे शिक्के मारीत राहते. शिक्के आहेत तोवर एटीजी तेराला आपल्या जोडीदारांबरोबर नीट कामाला लागता येत नाही. नत्र तुटला की टॉर थंडावतो, शिक्के उतरतात, आणि एटीजी तेरा, एटीजी एक, एटीजी सतरा अशी मंडळी एके ठिकाणी जमतात. मग तिथे एक पातळ पडदा वाटीसारखा वाढू लागतो. एटीजी आठ हे प्रथिन त्या पडद्यातल्या स्निग्ध द्रव्याला चिकटते आणि वाटी वाढायला मदत करते. वाटी मालाभोवती मिटली की गाठोडे तयार. ते रिक्तिकेत रिकामे होते. पुन्हा नत्र मिळाला की टॉर जागा होतो आणि काम आवरते.

१९९३ साली ओसुमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामात जनुके बिघडलेले यीस्टचे पंधरा प्रकार जाहीर केले. सुपीक खाद्यात ते मजेत वाढत. नत्र तोडला, की दोन-तीन दिवसांनी मरू लागत. नेहमीची यीस्ट मात्र तग धरून राही.

हल्ली याच शोधाचा हवाला देऊन उपवासाने अमुक रोग जातो, तमुक जातो, असे छातीठोक सांगणारे भेटतात. यीस्टचा नत्र तोडणे आणि माणसाने जेवण सोडणे यांत फार अंतर आहे. मधुमेहाच्या माणसाने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या फंदात पडूच नये. आणि साबुदाण्याच्या खिचडीचा उपवास तर टॉरला कळायचाही नाही!

आता पुन्हा शेतात येऊ. यीस्टमध्ये सापडलेली ही जनुके वनस्पतींतही आहेत. यांतले एक जनुक बिघडवलेल्या मक्यावरचे प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्या मक्याला जुन्या पानांतला नत्र कणसाकडे नीट नेता येईना, आणि दाणा घटला. धडधाकट पीक नत्र तुटला की खालची पाने मोडून वरच्या कोंभाला पुरवते. म्हणून नत्राची उणीव आधी खालच्या पानांवर दिसते. पान वयाने किंवा पाण्यावाचूनही पिवळे पडते, तेही पाहिले पाहिजे.

लोहाचे तसे नाही. जुन्या पानातले लोह सहजी हलत नाही, म्हणून त्याची उणीव कोवळ्या पानांवर दिसते. चुनखडीच्या जमिनीत उसाचा शेंडा पिवळापांढरा पडतो, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपण त्याला केवडा म्हणतो. तिथे युरियाचे पोते फोडून केवडा जात नाही. त्याला हिराकस लागते, फवाऱ्यातून किंवा शेणखतात मुरवून.