क्लच झिजतो कुठे?



मोटारींची हौस असलेल्या मंडळींमध्ये एक समज पक्का रुजलेला आहे. गाडीत शर्यतीच्या जातीचा दणकट क्लच बसवला, की मग ती कशीही दामटा, काही होत नाही! आज मी नेमके याच्या उलट सांगणार आहे. क्लच जितका शर्यतीच्या जवळचा, तितका तो रोजच्या रस्त्यावर अधिक जपावा लागतो.

आधी क्लच करतो काय, ते पाहू. इंजिनाला जोडलेले फ्लायव्हील इंजिनाबरोबर फिरत असते. गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या दांड्यावर क्लच प्लेट असते आणि प्रेशर प्लेट तिला स्प्रिंगच्या जोराने फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडल दाबले की पकड सुटते, सोडले की बसते. पेडल पूर्ण दाबलेले असताना प्लेट झिजत नाही आणि पूर्ण सोडलेले असतानाही नाही. झीज होते ती मधल्या वेळात. आपण ज्याला ‘हाफ क्लच’ म्हणतो, त्या वेळात प्लेट घासत असते आणि तापत असते.

किती तापते? समजा, माणसांसकट १,२०० किलोची गाडी सपाट रस्त्यावर जागेवरून निघाली आणि ताशी १८ किलोमीटर वेगाला क्लचची पकड पूर्ण बसली. तेवढ्या वेळात इंजिनाचे फेरे कायम राहिले, तर गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते तितकीच उष्णता क्लचमध्ये तयार होते. हा आकडा १५,००० ज्यूल येतो. एक किलो पोलाद तेवढ्याने तीसेक अंशांनी तापेल. आता हेच इंजिन दुप्पट फेऱ्यांवर नेऊन तसेच घासत निघालात, तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. जास्त रेस देऊन निघण्याची किंमत ही अशी असते.

म्हणूनच ट्रॅक आणि रस्ता यांचा हिशेब वेगळा आहे. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै इथे किंवा कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर गाडी एकदा सुटली, की क्लच लागतो तो गिअर बदलण्यापुरता, तोही क्षणभर. खरी परीक्षा असते ती सुरुवातीच्या झेपेची. याउलट पुण्या-मुंबईच्या कोंडीत गाडी तासाभरात कितीदा निघते आणि कितीदा थांबते, याची मोजदादच नाही. त्यात प्लेटला निवायला उसंत मिळत नाही.

रोजच्या गाडीतल्या प्लेटवर तंतू आणि राळ यांच्या मिश्रणाचे अस्तर असते. ते हळुवार पकडते. पण फार तापले तर राळ जळते, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पकड जाते. जळका वास येतो तो याचाच. शर्यतीच्या प्लेटवर धातूची भुकटी आणि सिरॅमिक भाजून केलेले तुकडे असतात. त्यांना उष्णता मानवते, पण ते पकडतात झटक्याने. तो झटका चुकवायला चालक जास्त रेस देतो, क्लच घासत सोडतो आणि मग फ्लायव्हीलवर निळे-काळे डाग पडू लागतात. म्हणजे महागडी वस्तू आणून तिला नेमके नको तेच करायला लावायचे!

पोर्श कंपनीने २००३ ते २००६ या काळात ‘कॅरेरा जीटी’ ही गाडी बनवली. तिचे दहा सिलिंडरचे इंजिन शर्यतीच्या घराण्यातले, ६१२ अश्वशक्तीचे. सिरॅमिक क्लचचा व्यास मात्र अवघा १६९ मिलिमीटर. साध्या गाडीच्या सवयीने निघायला गेले की ती हमखास बंद पडे. तिची रीतच निराळी. अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता क्लच सावकाश सोडायचा, इंजिनाचा वेग इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सांभाळते. एवढ्या ताकदीच्या गाडीलाही निघताना रेस नको असते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मग पाळायचे काय? नवी प्लेट बसवल्यावर निदान पहिले ८०० किलोमीटर शहरातच, संथपणे चालवा. महामार्गावर नुसते किलोमीटर वाढतात, प्लेट बसत नाही, कारण तिथे क्लच फारसा वापरलाच जात नाही. चढावर थांबायचे तर हँडब्रेक लावा, हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नका. चालताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवू नका. ट्रॅकवर एकामागून एक झेपा घेऊ नका, मधे क्लच निवू द्या. खालचा गिअर टाकताना किंचित रेस देऊन इंजिनाचे फेरे जुळवून घ्या, म्हणजे ते ओढून आणण्याचे काम क्लचवर पडणार नाही. आणि पेडल एकदम सोडू नका. घासणे वाचते खरे, पण तो दणका गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलला बसतो.

शेवटी एक खूण सांगतो. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये जोर दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही, तेव्हा क्लच घसरू लागला आहे असे समजा. ‘अजून महिनाभर चालेल’ म्हणून ढकलू नका. घाटात ट्रकला मागे टाकताना समोरून बस येत असते आणि त्याच क्षणी गाडीला ओढ राहत नाही. तिथे प्रश्न प्लेटच्या किमतीचा नसतो, गाडीतल्या माणसांचा असतो. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. तेव्हा त्याच खेपेला फ्लायव्हील आणि बेअरिंगही तपासून घ्या. मजुरी एकदाच पडेल.