ग्रामसभा ओस, तर सत्ता परक्याची

(कळंब, ता. आंबेगांव, येथें ग्रामसभेच्या आदल्या सायंकाळीं एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण.)



उद्यां ग्रामसभा आहे. पुष्कळांस वाटतें, ती सरपंच-मेंबरांची. मी म्हणतों, ती कांदा काढणाऱ्याची, ऐरणीवर घण घालणाऱ्याची आणि पाण्याचा हंडा वाहणाऱ्या बाईची आहे.

डिंभ्याचें धरण भरलें म्हणून कोणाचें वावर भिजत नाहीं. वरचें दार उघडावें लागतें, पाट साफ ठेवावा लागतो आणि पाळी आली कीं रात्रीं उठून, फावडें घेऊन दारें धरावें लागतें. सत्तेचेंही तसेंच आहे.

इंग्रजी अमलांत 1884 साली लोकल बोर्डांचा कायदा झाला. पण तेथें सरकारनें नेमलेलीं माणसें आणि मालदारांचीं मतें. घाम गाळणाऱ्यास कोण विचारतो? स्वराज्यांत 1958 साली ग्रामपंचायतींचा कायदा झाला, 1962 साली जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. पुढें 24 एप्रिल 1993 पासून 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली. तिनें पंचायतींची मुदत पांच वर्षें ठरविली, ती संपण्यापूर्वीं निवडणूक झालीच पाहिजे असें बजावलें, आणि शेती, पिण्याचें पाणी, शाळा, ग्रामोद्योग असे 29 विषय यादींत घातले. मात्र त्यांतले किती अधिकार खालीं सोडायचे, हें राज्य सरकारच्या हातीं ठेवलें. पाटाचें पहिलें दार तें!

बरें, घटनेंत लिहिलेली मुदत तरी पाळली गेली काय? आपल्या पुणें जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्यें संपली. आरक्षणाच्या वादांत निवडणूक अडली आणि तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. अखेर 6 मे 2025 रोजीं सर्वोच्च न्यायालयास निवडणुका घेण्याची आज्ञा करावी लागली. प्रशासक वाईटच असतो, असें माझें म्हणणें नाहीं; पण त्याला तुमच्या दारीं मत मागावयास यावें लागत नाहीं. आणि इतक्या काळांत ‘आमचा सभासद कोठें आहे?’ असें आपल्यापैकीं किती जणांनीं विचारलें?

आतां पैशाचें पाहा. 2021-22 पासून पंधराव्या वित्त आयोगाच्या निधींतील रुपयामागें 60 पैसे पाणी व स्वच्छता यांसाठीं दिल्लींतच बांधून येऊं लागले. उरलेले 40 पैसे गांवानें आपली गरज पाहून खर्चावयाचे. ती गरज कोण सांगणार? ग्रामसभा! तिला मतदारांपैकीं शेकडा 15 किंवा 100, यांपैकीं जी संख्या कमी तितकीं माणसें लागतात. तितकीं न जमलीं तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला संख्येची अट उरत नाहीं. मग दहा माणसें बसतात, ठराव करतात आणि खालीं लिहितात, ‘सर्वानुमतें’! बाबांनो, त्या ‘सर्वां’त तुम्हीही आलांत, घरीं झोंपलेले असलांत तरी.

मायबहिणींनो, ग्रामसभेपूर्वीं महिलांची निराळी सभा घ्यावी, असें कायदाच सांगतो. तीही निव्वळ सह्यांपुरती होऊं देऊं नका. नळाला पाणी किती वेळ येतें, हें तुमच्याइतकें कोणास ठाऊक?

दिल्ली दूर आहे, मुंबईही दूर आहे. चावडी मात्र हांकेच्या अंतरावर आहे. उद्यां या. जमाखर्च मोठ्यानें वाचावयास लावा. मागील ठरावांपैकीं किती पार पडले, तें विचारा. इतिवृत्त वाचून मगच सही करा. वाचतां येत नसेल त्यानें शाळेंतल्या आपल्या मुलीला सोबत आणावें. वजाबाकी मी तिला शिकविली आहे. गांवाच्या हिशेबांत ती मांडून दाखविण्याचें काम तुमचें.