काळे कपडे आणि लांब बाह्या

(पनवेल येथे महिला मंडळांच्या आणि कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

मला 'मुलींचं मानसिक आरोग्य' हा विषय कळवला होता. त्यातल्या एका लहानशा भागावरच मी बोलणार आहे. माझ्या घरात घडलेलं सांगते. माझी मुलगी आता मोठी आहे, आणि तिला विचारूनच सांगते आहे.

अकरावीत असताना ती काळं घालायला लागली. ढगळ काळा टी-शर्ट, काळी नखं, डोळ्यांत भरपूर काजळ, पायांत जाड बूट. रविवारी पनवेलहून लोकल पकडून मुंबईला जायची. तिथे तिच्यासारख्या तिघीचौघी होत्या. "आम्ही गॉथ आहोत," म्हणायची. सासूबाई म्हणाल्या, "सणासुदीला काळं कसलं?" मी म्हणाले, "कोणाचं सुतक पाळतेस?" दुसऱ्यांच्या मुलींचं तासन् तास ऐकून घेणारी मी! एक दिवस ती कॉलेजात गेली असताना मी तिचे सगळे काळे कपडे बोहारणीला दिले आणि स्टीलचा डबा घेतला. तो डबा अजून घरात आहे.

मुलगी ओरडली नाही. पिवळे, गुलाबी पंजाबी ड्रेस घालायला लागली. मुंबईला जाणं थांबलं. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना, ती लांब बाह्यांचेच कपडे घालते आहे हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही. जूनमध्ये कपडे वाळत घालताना तिची बाही वर सरकली आणि हातावरचे वण दिसले. ते तिने स्वतःच स्वतःला केलेले होते.

त्या रात्री ती बोलली. क्लासला जाता-येता एक मुलगा पाठलाग करायचा. आठ महिने तिने मला सांगितलं नव्हतं, कारण मी क्लास बंद करीन ही भीती. काळं घालायला लागल्यावर तो आणि त्याचे मित्र तिला 'चेटकीण' म्हणायला लागले. ती म्हणाली, "आई, मला बरं वाटायचं. कोणीतरी मला घाबरतंय असं वाटायचं." मुंबईच्या मैत्रिणींना हे सारं ठाऊक होतं. कपडे गेले, जाणं थांबलं, तेव्हा सांगायलाही कोणी उरलं नाही.

हे गॉथ प्रकरण काय आहे ते मी नंतर वाचलं. 1970 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पंक संगीतातून ते निघालं. काळा वेष, आणि मरण, दुःख, एकटेपण यांवरची गाणी. नाव जुन्या भयकथांवरून आलं. त्यातली एक गाजलेली कादंबरी म्हणजे 1818 सालची मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन'. रूपामुळे सगळ्यांनी हाकलून दिलेल्या जिवाची ती गोष्ट आहे. 1792 साली स्त्रियांच्या हक्कांवर ग्रंथ लिहिणाऱ्या मेरी वुलस्टनक्राफ्टची ही मुलगी. तेव्हा हे घराणं आपल्याला अगदीच परकं नाही.

आता आकडे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल भागातल्या 3,694 मुलामुलींचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. 15 व्या वर्षी स्वतःला ठामपणे गॉथ म्हणवणाऱ्यांपैकी 18 टक्के मुलांना 18 व्या वर्षी नैराश्य होतं. तसं न म्हणवणाऱ्यांत हे प्रमाण 6 टक्के होतं. स्वतःला इजा करणारे 37 टक्के, इतरांत 10. हे वाचून कोणी म्हणेल, "बघा, कपड्यांनीच पोरं बिघडतात." पण गॉथ झाल्याने नैराश्य येतं असं या अभ्यासातून सिद्ध होत नाही, हे संशोधकांनीच स्पष्ट केलं आहे. आधीच दुखावलेली, एकटी पडलेली मुलं आपल्यासारख्यांकडे ओढली जात असतील. आणि 100 पैकी 82 जणांना नैराश्य नव्हतं, हेही त्याच आकड्यांत आहे. म्हणजे काळं दिसलं की आजार समजायचा नाही, आणि 'वयाचं खूळ' म्हणून सोडूनही द्यायचं नाही.

इजा बाहेरूनही होते. 2007 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या बेकप गावी सोफी लँकेस्टर ही 20 वर्षांची मुलगी मारहाणीत गेली. ती आणि तिचा मित्र वेगळे दिसतात एवढंच कारण. मित्राला वाचवायला तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा पोरांनी तिलाही लाथाडलं. पुढे 2013 मध्ये मँचेस्टर भागातल्या पोलिसांनी अशा हल्ल्यांची द्वेषातून झालेले गुन्हे म्हणून नोंद करायला सुरुवात केली.

मैत्रिणींनो, काळ्याचं आपल्याला वावडं नाही. संक्रांतीला चंद्रकळा नेसतो, बाळाला काजळाची तीट लावतो, मंगळसूत्रात काळे मणी ओवतो, निषेधाला काळ्या फिती बांधतो. मुलीने आपल्या मनाने काळं घातलं की मात्र ते अशुभ होतं. अंगावर काय घालायचं हे बाईने ठरवावं, असं आपण मोर्चात म्हणत आलो. ते मुलीच्या कपाटापाशीही म्हणायला हवं.

मग लक्ष कशाकडे द्यायचं? माझ्या मुलीला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, तेव्हा त्या बाईंनी कपड्यांबद्दल एक शब्द विचारला नाही. झोप लागते का, जेवण जातं का, मैत्रिणी कोण, जीव नकोसा वाटतो का, हे विचारलं. हे प्रश्न आपणही विचारू शकतो. जीव देण्याबद्दल थेट विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. वण दिसले तर आरडाओरडा करू नका, शपथा घालू नका, मैत्रिणी तोडू नका, बाबा-बुवाकडे नेऊ नका. 14416 या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येतं. पोलिसांची भीती घालून कोणी गप्प करत असेल, तर 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगा. जीव द्यायचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली आहे असं तो धरतो, आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतो.

माझी मुलगी आज बरी आहे. वण आहेत. काळंही घालते. पहिला काळा कुर्ता मीच पनवेलच्या बाजारातून आणून दिला. तो बघून ती म्हणाली, "आई, याच्या बाह्या आखूड आहेत." मी म्हणाले, "बघूनच आणलाय."

आता तुम्ही बोला. आपापल्या घरातलं बोला.